लाल पेन्सिल आणि दरवान

काशिनाथरावांनी जन्मभर एकच काम केलं, नापास करण्याचं. भोपाळला पिपलानीच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. नग तयार होऊन टेबलावर आला की भिंग लावून बघायचा, मोजायचा, आणि सुताएवढा फरक दिसला तरी लाल फुली मारून परत पाठवायचा. दुरुस्त कसा करायचा ते सांगणं त्यांच्याकडे नव्हतं. "चूक दाखवली, आता बरोबर काय ते तुम्ही शोधा," एवढं बोलून ते पुढचा नग ओढायचे. कारखान्यात हे शोभायचं. पंचाईत अशी, की संध्याकाळी भोंगा झाला की हा गृहस्थ स्कूटरवरून तीच लाल पेन्सिल खिशात घालून क्वार्टरवर यायचा.

घरात मराठी बोलायचं, आणि तेही स्वच्छ पुण्याचं, असा त्यांचा दंडक. बायको शशिकला ग्वाल्हेरची. तिच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि तिला त्याची ना खंत ना खेद. तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं की, मला नापास करायचं असेल तर स्वयंपाकही तुम्हीच करा. तिथे काशिनाथरावांची मात्रा चालली नाही. उलट तीच त्यांची फिरकी घ्यायची, आणि हेही मिशीतल्या मिशीत हसायचे. तिला सगळं माफ होतं.

सापडली ती पोरगी, अनुराधा. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त जेवणाखाण्यापुरती. बिचारी शाळेतून धावत यायची, "बाबा, मी खूप कोशिश केली पण गणित..." एवढ्यात पेन्सिल वर. "कोशिश? हा आपला शब्द आहे? शोध." गणिताचं काय झालं ते बाजूलाच राहायचं. पोर दप्तर पाठीवर घेऊन तशीच शब्द शोधत उभी. काशिनाथराव काही शब्द सांगायचे नाहीत. शोधलेला शब्द जन्मभर लक्षात राहतो म्हणे. आईने आतून हाक मारली की सुटका.

पुढे अनुराधा शिकली आणि बंगळुरूला नोकरीला लागली. नोकरी कसली, तर एका कंपनीत संगणकावरचे खेळ तपासायची. खेळ बाजारात जायच्या आधी तो खेळून बघायचा, कुठे अडतो, कुठे फसतो, ते लिहून द्यायचं. म्हणजे बापाचीच विद्या. पण काशिनाथरावांनी ते कधी मान्य केलं नाही. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं तर "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून विषय बदलायचे.

मग शशिकलाबाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि हसतं-बोलतं माणूस उठून गेलं. अनुराधा आली आणि दिवस झाल्यावरही महिनाभर राहिली. घरात दोघं, आणि दोघांत बोलायला एक शब्द नाही. सकाळी चहा, दुपारी वरणभात, संध्याकाळी भिंतीकडे बघत बसणं. बाईंच्या बोलण्याने ते घर किती भरलेलं होतं, ते त्या गेल्यावर कळलं.

पंधराव्या दिवशी अनुराधाने बॅगेतून एक काळा डबा काढला, तो टीव्हीला जोडला आणि बापाच्या हातात ते दोन मुठींचं यंत्र दिलं. काशिनाथराव त्याला शेवटपर्यंत रिमोट म्हणाले. खेळ असा होता: एक चिलखतातला शिपाई, हातात ढाल-तलवार, समोर पडका गड. गडाच्या दारात एक दरवान, ताडमाड, खांद्यावर ओंडक्याएवढी गदा. त्याला पाडल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आणि तो काही पडत नाही. हा खेळ अवघड म्हणूनच नावाजलेला होता, भलेभले त्या पहिल्या दारात शंभरदा मरतात, असं अनुराधाने सांगितलं.

काशिनाथराव दोनशेदा मेले. त्यांचं लढणं म्हणजे एकच प्रकार, समोर जायचं आणि मारत सुटायचं. अनुराधा शेजारी बसून सांगायची की बाबा, मागे व्हा. आता लोळण घ्या. आता दम संपलाय, थांबा. मागे व्हायचं हे काही त्यांच्या पचनी पडेना. दोन वार बसले की तिसरा मारायचाच, आणि तिसऱ्याला शिपायाच्या अंगात त्राण नसायचं. वरची हिरवी पट्टी रिकामी, आणि दरवानाची गदा डोक्यात. पालथ्या घड्यावर पाणी. तरी रोज संध्याकाळी पाच वाजले की ते आपणहून टीव्हीसमोर खुर्ची ओढायचे. तो महिनाभर घरात शब्द फिरले ते एवढेच, मागे व्हा आणि थांबा.

जायच्या आदल्या दिवशी गंमत झाली. काशिनाथरावांनी अखेर लोळण घेतली, पण अशी घेतली की शिपाई थेट कड्यावरून दरीत. अनुराधा हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या घरात महिन्याभरात पहिल्यांदा कुणी हसत होतं. काशिनाथरावांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी ती गेली. डबा मागे ठेवून गेली, आणि टीव्हीवर चार पानं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "बाबांसाठी, लढायला शिकताना." काशिनाथरावांनी चष्मा लावला आणि सवयीने पेन्सिल घेतली.

"दुश्मनची तलवार नाही बघायची, त्याचा खांदा बघा. खांदा उठला की वार येणार." दुश्मनखाली लाल रेघ.

"ढाल उठवून चाला, पण सारखी उठवून नका ठेवू. उठवली की दम हळू भरतो." उठवूनखाली दोन रेघा.

"मागे पळू नका, तो तेज आहे. त्याच्या बाजूने, त्याच्या जवळून लोळा. जवळ जास्त सेफ असतं."

"दोन वार, मग मागे. तिसऱ्याची लालच नको. हिरवी पट्टी म्हणजे तुमचा दम. थोडा दम नेहमी शिल्लक ठेवा, पळायला."

"मेलात तर तुमची सगळी कमाई जिथे मेलात तिथेच पडून राहते. परत जाऊन उचलता येते. पण जाताना रस्त्यात परत मेलात, तर ती गेली, कायमची. म्हणून परत जाताना कोणाशी नाही भांडायचं. सरळ तिथे जायचं."

चार पानांत सतरा चुका निघाल्या. आणि शेवटी, खाडाखोड केलेली ही ओळ: "बाबा, तुम्हाला शिकवताना मी खूप चेष्टा केली. आईसारखं नाही जमलं. राग मानू नका."

ती ओळ वाचली आणि काशिनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कड्यावरून पडल्यावरचं ते हसणं कानात होतंच. म्हणजे महिनाभर ही पोर शेजारी बसून आपली थट्टा करत होती. आई करायची तशी. वर कबुली देते की आईइतकी चांगली नाही जमली, आणि राग मानू नका म्हणते. बायको जाऊन दीड महिना झालेला, त्या माणसाची चेष्टा.

त्यांनी तिसऱ्या दिवशी फोन केला. ती नुकती कामावर पोचली होती. तिने उत्साहाने विचारलं, पानं वाचली का. काशिनाथराव एकच वाक्य बोलले.

"तुझ्या चेष्टा तुझ्याजवळ ठेव. माझ्या घरात त्यांची गरज नाही."

मग ती "बरं" म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. फोन ठेवला तेव्हा काशिनाथरावांना वाटलं होतं की ही दोन दिवसांत रडत फोन करेल, माफी मागेल, आणि आपण मग जरा ताणून माफ करू. दोन दिवस गेले, दोन महिने गेले. दिवाळीला दोन ओळींचा निरोप यायचा, नमस्कार आणि तब्येत जपा. यांचं उत्तर एका ओळीचं. ती घरी आली नाही. यांनी ये म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी निरोप आला की ती लग्न करतेय, बंगळुरूलाच, नोंदणी पद्धतीने, अमुक तारखेला. खाली लिहिलं होतं, "तुम्ही याल का?" काशिनाथरावांनी तो निरोप दिवसभर दहादा वाचला. जायचं मनात नव्हतं असं नाही, रजेचा अर्जसुद्धा लिहून झाला होता. पण हिने एकदा तरी म्हणावं ना, की बाबा, माझं चुकलं. संध्याकाळी त्यांनी उत्तर पाठवलं, "बघू." आणि गेले नाहीत. अर्ज खिशातच चुरगळला. लग्नाच्या दिवशी ते कामावर गेले आणि एका दिवसात अकरा नग नापास केले.

असं तिसरं वर्ष उजाडलं आणि निवृत्तीचा दिवस आला. क्वार्टर रिकामं करायचं होतं, शहरातच कोटरा सुल्तानाबादला फ्लॅट घेऊन ठेवला होता. शेवटच्या दिवशी सकाळी ते कसल्याशा सहीसाठी मुख्य ऑफिसात गेले. तिथे दारातच एक फळा असतो, "आज का शब्द" असं वर रंगवलेला. सरकारी कारखान्यांत ही पद्धतच, रोज एक इंग्रजी शब्द, पुढे त्याची हिंदी, खाली एक वाक्य. जाणारे-येणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक काशिनाथराव तेवढे बघायचे, कारण फळ्यावर अनुस्वार चुकला तर तो राजभाषा विभागात जाऊन सांगायला त्यांना आवडायचं. फळा लिहिणाऱ्या निर्मलाजी त्यांना पार वैतागलेल्या होत्या.

त्या दिवशी मात्र बाई हातात खडू घेऊन फळ्याशीच उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, "सर, आज आख़िरी बार जाँच लीजिए। बहुत चेष्टा की है कि कोई ग़लती न रहे।"

काशिनाथरावांनी फळ्याकडे बघितलं. एन्डेव्हर, पुढे चेष्टा, प्रयास. खाली वाक्य, हमने समय पर काम पूरा करने की चेष्टा की. अनुस्वार, वेलांट्या, सगळं जिथल्या तिथे होतं. बाई वाट बघत होत्या. काशिनाथराव आ वासून उभे होते.

आता तुम्ही म्हणाल, पस्तीस वर्षं भोपाळात काढलेल्या माणसाला चेष्टेचा हिंदी अर्थ, प्रयत्न, ठाऊक नसावा? ठाऊक होता हो. कारखान्यात रोज कानावर पडायचा. पण ही हिंदी काशिनाथराव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे. घरातलं पान, घरातल्या पोरीचं अक्षर, ते मराठीच असणार. दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही.

निरोप समारंभात हार घातला, शाल दिली, तिघं बोलले. काय बोलले ते काशिनाथरावांना विचारू नका. चारच्या सुमाराला ते स्कूटरवरून क्वार्टरवर आले, हार तसाच गळ्यात. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. ती चार पानं कुठे आहेत ते त्यांना पक्कं माहीत होतं. नापास मालाचाही रेकॉर्ड ठेवायचा, हा कारखान्याचा नियम. त्यांनी फाइल काढली, शेवटचं पान घेतलं आणि खिडकीपाशी गेले.

चेष्टा हा शब्द ओळीत नव्हताच. ओळीच्या वर लिहिलेला होता. ओळीत एक शब्द खोडलेला होता, आडव्या-उभ्या रेघा मारून. तीन वर्षांपूर्वी त्यांनी त्या खाडाखोडीला नीटनेटकेपणाचा एक गुण कापला होता, एवढंच. आज त्यांनी पान उलटं करून काचेला लावलं, मग सुलटं करून लावलं, मग खोक्यातून भिंग शोधून काढलं. पोलादातली केसाएवढी चीर ज्या भिंगाने सापडायची, त्याच भिंगाखाली तो शब्द दिसला.

कोशिश.

तिने आधी कोशिश लिहिलं होतं. तुम्हाला शिकवताना मी खूप कोशिश केली, आईसारखं नाही जमलं. मग तिला आठवलं असणार की बाबांना हा शब्द चालत नाही. मग ती थांबली असणार, लहानपणी दप्तर पाठीवर घेऊन उभी राहायची तशी. आणि शाळेच्या पुस्तकातला सगळ्यात शुद्ध, सगळ्यात संस्कृत शब्द शोधून तिने वर लिहिला. बापाला आवडावा म्हणून. ध चा मा म्हणतात तो हा. पण तो तिने कुठे केला होता? तो यांनीच तिच्याकडून करवून घेतला होता, वीस वर्षं पेन्सिल उगारून.

आणि मग त्यांना स्वतःचं फोनवरचं वाक्य आठवलं. तुझ्या चेष्टा तुझ्याजवळ ठेव, माझ्या घरात त्यांची गरज नाही. ते वाक्य पोरीच्या कानाला काय ऐकू आलं असेल, हे कळलं तेव्हा मात्र त्या माणसाला रडू फुटलं. शशिकलाबाई गेल्या तेव्हाही तो असा रडला नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत. पोरीचं लग्नसुद्धा होऊन गेलं होतं. ते काही परत लागणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी फोन करायचा ना? नाही झाला. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. काय म्हणायचं? चुकलं हा शब्द दुसऱ्याच्या मालावर लिहायची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोक्यातून तो काळा डबा काढला. त्याची वायर उंदराने कुरतडलेली निघाली. स्कूटर काढून जवाहर चौकात गेले, चार दुकानं हिंडले. दुकानदार हसून म्हणाला की अंकल, नातवासाठी का? काशिनाथराव म्हणाले, नाही, मला शिकायचंय.

चार दिवस ते खेळले. शेजारी पानं, पण पेन्सिल नाही. पहिल्यांदाच ते ती पानं वाचायची म्हणून वाचत होते. खांदा बघा म्हटलं होतं, तर खरंच, दरवान गदा उचलायच्या आधी त्याचा डावा खांदा जरासा वर जायचा. जवळून लोळा म्हटलं होतं, तर खरंच, त्याच्या पायांपाशी गदा पोचतच नव्हती. पोरीने महिनाभर हेच सांगितलं होतं. किती बारकाईने बघितलं होतं तिने, किती सोपं करून लिहिलं होतं. असा रिपोर्ट त्यांच्या खात्यात पस्तीस वर्षांत कुणी लिहिला नव्हता. हे तिला सांगायला हवं होतं तेव्हा आपण दुश्मनखाली रेघ मारत बसलो.

दरवान अर्ध्यावर यायचा, आणि मग तिसऱ्या वाराला शिपाई मरायचा. सगळी कमाई दारात पडायची. मग पुन्हा सुरुवातीपासून चालत जायचं. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, असंच मेल्यावर त्यांची नजर त्या ओळीवर गेली. परत जाताना कोणाशी नाही भांडायचं. सरळ तिथे जायचं. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि फोन लावला.

"अनु," ते म्हणाले, "तू आधी कोशिश लिहिलं होतंस."

कुठे, कधी, कशाबद्दल, तिने काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला चालत नव्हतं ना. म्हणून खोडलं."

मग काशिनाथरावांनी सांगितलं, अडखळत, की आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. तिला हे ठाऊकच नव्हतं. आई मस्करी म्हणायची. त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं. तिला काय वाटलं होतं ते तिने सांगितलं.

"मला वाटलं, माझी कोशिश तुम्हाला घरात नकोय," ती म्हणाली. तिने कोशिशच म्हटलं, आणि या वेळी काशिनाथराव गप्प राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लग्नाला यायला हवं होतं मी."

"हो," अनुराधा म्हणाली. "यायला हवं होतं."

जाऊ दे बाबा, झालं ते झालं, असं ती म्हणाली नाही. का म्हणावं तिने? काशिनाथरावांनी मनातल्या मनात ती लाल फुली स्वतःवर मारून घेतली, आणि ते त्यांना बरोबर वाटलं.

"आता येऊ का?" त्यांनी विचारलं. "दोन दिवसांसाठी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. मग ती फोनवर आली ती भलतंच विचारत.

"दरवान पडला का?"

"नाही. अर्ध्यावर येतो. दोन वार बसतात, तिसऱ्याला मी मरतो."

"दम संपतो तुमचा. मारायची घाई होते. पट्टी पूर्ण भरू द्या." मग ती म्हणाली, "दम धरा, बाबा. मी सांगते तुम्हाला."

फोन बंद झाला. दम देण्यात काशिनाथरावांचा जन्म गेला होता. कारखान्यात दिला, घरात दिला, एवढ्याशा पोरीला दप्तर पाठीवर असताना दिला. धरायची वेळ ही पहिलीच. यायचं की नाही ते ती येत्या आठवड्यात सांगेल, वर्षाने सांगेल, की कधीच सांगणार नाही, हे तिलाही आत्ता ठाऊक नसणार. आणि विचारायचं नाही.

दारात ट्रक आला. सामान न्यायला आलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं की टीव्ही सगळ्यात शेवटी काढा. मग फोन मांडीवर ठेवून त्यांनी रिमोट घेतला, शिपायाला सरळ दारापर्यंत नेलं आणि पडलेली कमाई उचलली. दरवानाचा खांदा वर गेला. लोळण घेतली, दोन वार केले, आणि मागे झाले. हिरवी पट्टी जवळजवळ रिकामी होती. समोर दरवान पाठमोरा उघडा पडला होता, तिसरा वार सहज बसला असता. काशिनाथरावांनी बटण दाबलं नाही. पट्टी हळूहळू भरत होती, आणि ते थांबले.